गव्हाच्या कोठीतली गिटार

पक्कडीनं विजेच्या शेगडीची तार टक् करून तुटली आणि दुपारची सगळी शांतता दचकली. अक्षतानं तोंडावर पदर दाबला. मिलिंद पक्कड हवेत धरून भिंतीकडं बघत राहिला. भिंतीपलीकडचं घोरणं थांबलं, खाट करकरली, आणि घोरणं पुन्हा आपल्या वाटेला लागलं.

"उठले नाहीत," मिलिंद कुजबुजला. "पण तुझी शेगडी गेली बघ."

"जाऊ द्या हो. स्टोव्ह आहे की."

कांजिण्यांतून नुकती उठलेली दीक्षा, अंगभर गुलाबी औषधाचे ठिपके घेऊन, वाकून वाकून बघत होती. "शेगडीला काय झालं?"

"ऑपरेशन," मिलिंद म्हणाला. इस्लामपूरच्या कारखान्यात तो वायरमन होता, आणि आज रजा टाकून घरातल्या वस्तू मोडायला बसला होता.

कारण असं, की साताऱ्याचे नानासोदादा बुद्धपौर्णिमेला भीमगीतांची कॅसेट काढत होते. लग्नाआधी अक्षता त्यांच्याच ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायची. मांडीवर आडवी घेऊन, तारांवरनं लोखंडी कांडी फिरवत. कॅसेट उघडताना नुसत्या गिटारचा एक तुकडा हवा, आणि तो अक्षताचाच, असं दादांनी कळवलं होतं. मात्र आज संध्याकाळच्या एसटीनं वाजवलेली टेप साताऱ्याला पोचली नाही, तर उद्या तो तुकडा की-बोर्डवाला वाजवणार होता. पोरीच्या कांजिण्यांमुळं अक्षताला जाता येत नव्हतं. दीक्षा झाल्यापासून गिटार कपाटावरच होती. आत्ता नाही तर परत कधी कोण विचारणार?

अडचण होती ती ॲम्पची, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीची. हा व्हॉल्व्हचा ॲम्प दादांनीच तिला लग्नात आहेर म्हणून दिलेला. मांडवात सगळ्यांची स्टीलची पातेली, आणि मधोमध हे काळं धूड! आतल्या काचेच्या नळ्या लालसर तापायच्या. आवाजाचं बटण पुरतं पिळल्याशिवाय त्याला कंठ फुटत नसे. हळू ठेवला तर नुसता खाकरायचा. आणि पुरता पिळला, तर रात्रपाळी करून झोपलेले शेजारचे धोंडिराममामा खाटेसकट उडाले असते.

"स्पीकरची वायरच काढतो ना," मिलिंद सकाळी म्हणाला होता. "आवाजच नको."

"आणि आतला ट्रान्सफॉर्मर जळू दे! स्पीकर नसला तर त्याच्या जागी वीज ओढायला दुसरं काहीतरी पाहिजेच त्याला."

मग मिलिंदनं मीटर लावून मापलं. शेगडीच्या तारेचा साधारण तिसरा हिस्सा स्पीकरच्या मापाचा निघाला. म्हणून ही पक्कड.

तारेचा तो तुकडा शेगडीच्याच मातीच्या ताटलीत बसवला, ॲम्पची वायर त्याला जोडली आणि तिथनंच एक बारीक वायर टेपरेकॉर्डरला नेली. अक्षतानं हेडफोन चढवले, बटण शेवटपर्यंत पिळलं आणि कांडी फिरवली. खोलीत ऐकू आली ती फक्त तारेची किणकिण. हेडफोनमध्ये मात्र पत्र्याच्या डब्यात माशा कोंडल्यासारखी चरचर. तिचा चेहरा पडला.

"काय झालं?" मिलिंदनं एक हेडफोन ओढून कानाला लावला. "अरे देवा... नव्हे, अरे बापरे!"

"स्पीकरच नाही ना मध्ये," ती रडवेली होऊन म्हणाली. "त्याचा कागदच तर हे सगळं टोचणारं गाळून टाकतो."

"मग थोडा सोडू त्याला आवाज. चहात साखर घालतात तेवढा."

उरलेल्या तारेतला एक तुकडा त्यानं स्पीकरच्या वाटेत आडवा घातला. बहुतेक सगळा जोर तारांनी खायचा आणि उरलासुरला स्पीकरनं. तरीही तो आवाज भिंतीपार जाईलसा होता. अक्षतानं खोलीभर नजर फिरवली आणि ती पत्र्याच्या गव्हाच्या कोठीवर येऊन थांबली.

पुढच्या क्षणी सगळा गहू चादरीवर ओतलेला, दीक्षा त्यात लोळत असलेली आणि कोठीत गोधडी, गोधडीत स्पीकर, स्पीकरसमोर टेपरेकॉर्डरचा माइक. वरून झाकण आणि झाकणावर दुसरी गोधडी.

ह्या खेपेला हेडफोनमध्ये आवाज आला तो जुना, भरलेला, शेवटी किंचित कातरणारा. अक्षताला हसूच आवरेना. कांडी थरथरली, तुकडा फिसकटला. दुसऱ्यांदा दीक्षा शिंकली. तिसऱ्यांदा ती डोळे मिटून वाजवायला लागली, तेवढ्यात मिलिंदनं गुपचूप तापल्या तारेवर तुपाची वाटी ठेवली. तूप कडेनं विरघळायला लागलं. दीक्षा दोन्ही हात तोंडावर दाबून गव्हात नाचली.

शेवटचा सूर विरतोय तोच दार ढकललं गेलं. शेजारच्या, मामांच्या घरच्या चंद्राबाई! मिलिंदनं झटकन टेपरेकॉर्डर बंद केला.

"आवं अक्षता," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या कोठीत कोण रडतंय?"

"मामा उठले का?" अक्षतानं हेडफोन ओढून काढले.

"कुठलं उठत्यात! त्यांचं घोरणंच लय मोठं हाय. मी दाराशी हुते म्हणून ऐकलं." त्यांनी गहू बघितला, तुपाची वाटी बघितली, गुलाबी ठिपक्यांना गहू चिकटलेली पोर बघितली. "आणि ह्ये काय, गाण्यावर तूप कढवताय व्हय?"

मग चौघंही तोंडं दाबून असं हसत सुटले की चंद्राबाईंना चादरीवरच बसावं लागलं. मिलिंद टेप खिशात घालून सायकलवर सुटला. सातारा गाडीचा कंडक्टर ज्ञानू त्याच्या ओळखीचा. गाडी हलता हलता मिलिंदनं खिडकीतून टेप त्याच्या हातात कोंबली.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पीसीओवर फोन आला. अक्षता दीक्षाला काखोटीला मारून धावली.

"पोरी," नानासोदादा तिकडनं ओरडत होते, "कॅसेट तुझ्यापासनंच सुरू! की-बोर्डवाल्याला बसवला गप. पण मला सांग, एवढा घुमणारा हॉल इस्लामपुरात कुठं घावला तुला?"

"घरातच आहे, दादा. त्यात गहू ठेवतो आम्ही."

परत येताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. वाण्यालाही सांगितलं, पिठाच्या गिरणीवाल्यालाही सांगितलं. दीक्षा तिच्या कडेवर टुणटुण उडत होती.

"आई, मी नव्हते तेव्हा तू रोज वाजवायचीस?"

"रोज!"

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं म्हणजे? अख्खी गल्ली गोळा व्हायची."

दीक्षानं आईच्या गळ्यातले मणी बोटानं फिरवले, थोडा विचार केला.

"मग मी आल्यावर का बंद केलंस?"