लाल टिंबाचे पेपर

बाईंनी तो पेपर तिसऱ्यांदा तपासायला घेतला, तेव्हा समोरच्या कारकुनाने चहाचा कप खाली ठेवला. बुद्धीची चाचणी आणि सोबत श्रद्धा-राजकारणाची प्रश्नावली, असा बाईंचा तीन वर्षांचा अभ्यास होता. देवभोळे आणि त्या एका पक्षाला मत देणारे लोक डोक्याने जरा कमीच, हे त्यांनी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. आणि हा कोण उपटसुंभ? रोज प्रार्थना करतो, मत त्याच पक्षाला देतो, आणि चाळीसपैकी एकोणचाळीस!

"कुठेतरी घोळ आहे," पेन आपटत बाई पुटपुटल्या. पुन्हा एकोणचाळीसच भरले.

"बाई, रागावू नका," कारकून म्हणाला. "फेरतपासणी केलेल्या पेपरावर तुम्ही लाल टिंब देता ना? असे एकवीस झाले. सगळे त्यांचेच. आपल्या विचारांच्या माणसाचा एकही नाही."

"आपल्यांचे कशाला तपासायचे? ते बरोबरच असतात!"

बोलून गेल्या आणि बाईंना बसवेना. त्यांनी तावातावाने आपल्या विचारांच्या लोकांचा गठ्ठा ओढला आणि वरचाच पेपर तपासला. त्यावर त्यांनी स्वतः तेहतीस गुण दिले होते. आता सत्तावीस भरले.

त्यांनी तो कारकुनाच्या नजरेआड, गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.