शालीचं वजन

माझी आई आणि मावशी कित्येक वर्षं एकमेकींना भेटल्या नव्हत्या, आणि त्याला भांडण कारण नव्हतं. भांडण असतं तर मी दोघींचे कान धरून केव्हाच मिटवलं असतं. दोघींचीही मूत्रपिंडं निकामी झालेली, हा त्यांच्या माहेरचा आजार. आई आमच्या गावात डायलिसिसवर, मावशी पलीकडच्या शहरात. दिवसाआड मशीनला जोडून घ्यायचं, रक्त साफ करायचं आणि गळून घरी जायचं. प्रवास अख्ख्या रात्रीचा. तिकडे जाऊन तिथल्याच मशीनवर बसावं म्हटलं, तर ते रुग्णालय म्हणणार, आम्ही यांना ओळखत नाही, सगळ्या तपासण्या पहिल्यापासून करा. तपासण्या होईपर्यंत आईचं काय करायचं, लोणचं घालायचं?

मी डायलिसिसचीच नर्स. आई माझ्याच वॉर्डात येते आणि सगळ्या पेशंटांसमोर मला विचारते, "केस विंचरलेस का?"

आसपासच्या पाच रुग्णालयांनी आपापल्या कॉम्प्युटरवरच्या नोंदी एकमेकांना दिसतील अशा जोडायचं ठरवलं. बैठकांना बसायला आमच्याकडून कुणी तयार होईना, तेव्हा मी हात वर केला. सगळ्यांना वाटलं, हिला भारी हौस. मला फक्त आईला तिच्या बहिणीकडे पाठवायचं होतं.

बैठका व्हायच्या पडद्यावर. एकाचा आवाज बंद, एकाचा कॅमेरा छताकडे, आणि उरलेले सगळे एकदम बोलणार. जो तो म्हणे आमचीच पद्धत चांगली, बाकीच्यांनी बदलावं. सगळ्यांत ताठ होती ती मावशीच्या रुग्णालयातली इन्चार्ज सिस्टर. "बाहेरच्या पेशंटचं लोढणं आमच्या गळ्यात कशाला?" असं ती म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं.

"लोढणं नाही, माझी आई आहे ती," मी म्हटलं. "तिची बहीण तुमच्याच मशीनवर बसते. दोघी थकल्या आहेत. आणि आपण इथे कुठला रकाना आधी यावा यावर तास घालवतोय!"

इन्चार्जने चष्मा काढून पुसला.

"बहीण म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीवरच्या? माझं वजन वाढलंय असं मला रोज सांगतात, त्या?"

"त्याच."

ती हसली. त्या दिवसापासून काम हललं. भांडणं चालूच राहिली, पण भांडून झालं की आता काहीतरी ठरायचं. जोडणी झाली आणि पहिली पेशंट म्हणून आईचं नाव लागलं. परवानगी देताना आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "काही गडबड झाली, तर हा खेळ बंद. मग आपले पेशंट आपल्याकडेच."

भाऊ आईला घेऊन गेला. मावशीच्याही मशीनचा तोच दिवस होता, म्हणून दोघं बसमधून उतरून थेट रुग्णालयातच जाणार होते. सकाळी माझा फोन वाजला. इन्चार्ज होती.

"तुमच्या नोंदीत यांचं ड्राय वेट दिलंय. अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावर उरायला हवं, ते वजन. पण आत्ताच त्या जवळजवळ तेवढ्या भरतायत. म्हणजे काढायला पाणीच नाही! इकडे पाय सुजलेत, बोलताना धाप लागतेय. आमचे डॉक्टर म्हणतात, नोंदीवर भरवसा नाही, परत पाठवा."

परत म्हणजे पुन्हा रात्रभर बस, तीही धापा टाकत. आणि बहिणीला दारातून बघून.

"काट्यावर कशी उभी केली तिला?"

"कशी म्हणजे? अनवाणी, अंगावरच्या साध्या कपड्यांत. सगळ्यांसारखी."

सगळ्यांसारखी! आमचा वॉर्ड थंडगार, आणि आई म्हणजे आई. काट्यावर ती शाल, स्वेटर आणि जाड चपलांसकट चढते, आणि काढ म्हणायची कुणाची छाती नाही. माझीही नाही. दरवेळी तेच कपडे, त्यामुळे आमचा हिशोब कधी चुकला नव्हता. आमच्या चार भिंतींत तो बरोबरच होता.

"तिची शाल, स्वेटर, चपला काट्यावर ठेवा," मी जवळजवळ ओरडले. "जे भरेल ते आमच्या आकड्यातून वजा करा."

पलीकडून खुडबुड ऐकू आली. मग मावशीचा खणखणीत आवाज: "दीड किलो! ताई, तू माणूस आहेस की गाठोडं?"

"आता पायांशी जुळतंय," इन्चार्ज म्हणाली. "डॉक्टरही हो म्हणाले. लावते मशीन. आणि पुढच्या बैठकीत पहिला नियम मी मांडणार. पाचही ठिकाणी काट्यावर अनवाणी, शालीशिवाय."

"माझ्या आईला तुम्ही सांगायचं," मी म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला होता आणि डोळे वाहत होते.

थोड्या वेळाने तिनेच व्हिडिओ लावला. खिडकीजवळच्या खुर्चीवर आई बसली होती. शेजारी मावशी. मला खरंच वाटेना. ती खिडकी मावशीने आजवर कुणालाही दिली नव्हती.

"मावशी, खिडकी कशी सोडलीस?"

"मी कसली सोडतेय! या बाईंनी उठवलं."

"तुमच्या नोंदीत दिसलं मला," इन्चार्ज म्हणाली. "तुमच्या आईच्या सुया डाव्या हाताला लागतात, यांच्या उजव्या. आईंना खिडकीशी बसवलं, तरच दोघींचे मोकळे हात शेजारी येतात."

तिने फोन खाली झुकवला. दोन्ही खुर्च्यांच्या मधे, शालीवर, आईचा हात मावशीने घट्ट धरून ठेवला होता.

"केस विंचरलेस का?" आईने विचारलं.

मी घाईघाईने केसांवरून हात फिरवला.

"नाही विंचरलेत," मावशीने सांगून टाकलं.