दिवे तिसऱ्यांदा बदलले तेव्हा

वायरमनमामा शिडीवरून उतरले आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "ताई, तिसऱ्यांदा बदललेत दिवे. आता तरी थांबला का आवाज?"

थांबला नव्हता. बारीक गुणगुण चालूच होती, कानाशी डास असावा तशी. मामांना ती ऐकू येत नव्हती, माझ्या नवऱ्यालाही नाही.

जागा भाड्याची, पण स्टुडिओ आमचा नवा कोरा. माईक अजून खोक्यांतच होते, कारण दिवेच ठरत नव्हते. दिवा गुणगुणला की माईक ते इमानेइतबारे पकडतो आणि गाणाऱ्याच्या गळ्यात बांधतो. म्हणून पहिले दिवे मी परत पाठवले, दुसरेही पाठवले. उजेड कमी-जास्त करायची बटणंसुद्धा काढायला लावली. दुकानदार आता माझा फोन उचलत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

"एकदा कान दाखवून येऊ या का?" नवरा हळूच म्हणाला.

मी त्याच्यावर खेकसले. कारण मनातल्या मनात मीही तेच म्हणत होते. रेकॉर्डिंग करणाऱ्या बाईचे कानच वाजायला लागले, तर तिने काय घरी बसून शेंगा सोलायच्या?

"मामा, मेन स्विच बंद करा. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

खोलीला खिडकी नाही. मी डोळे गच्च मिटून खालीच बसले. खटका पडला. दिवे, एसी, सगळं गप्प झालं. गुणगुण मात्र तशीच.

म्हणजे कानच. डोळे उघडले तर नवरा समोर उकिडवा बसलेला, तोंड एवढंसं झालेलं. मी बघतच राहिले.

"अरे, दिवे बंद आहेत ना? मग तू मला दिसतोयस कसा? आणि हिरवा का दिसतोयस?"

तिघांनी माना वर केल्या. दारावर बाहेरची वाट दाखवणारी हिरवी पाटी होती. आधीच्या भाडेकरूने लावलेली, वीज गेली तरी बॅटरीवर जळणारी. तिला बटण नाही, म्हणून तिला आम्ही दिव्यांत धरलंच नव्हतं.

मामांनी शिडीवर चढून तिच्या बॅटरीची वायर उपटली. पाटी विझली आणि गुणगुण थांबली.

मला रडूच कोसळलं. लाजबीज काही वाटली नाही. नवऱ्याने अंधारात चाचपडत माझा हात धरला, तर त्याचा तळवा घामाने ओला. इतके दिवस तोही घाबरलेला होता, आणि मला मेल्याने पत्ता लागू दिला नव्हता.

"मला तर आत्ताही काही फरक कळला नाही," मामा शिडीवरूनच म्हणाले.

"मलाही नाही," नवरा म्हणाला.

"मग कान तुम्ही दोघं दाखवून या," मी नाक पुसत म्हटलं. "आणि मामा, पाटी नवी आणा, पण मुकी. दिवे पहिलेच लावा. तेच चांगले होते."

मामा चाचपडत शिडीवरून उतरले. मग म्हणाले, "मेन चालू करू?"

"थांबा जरा," मी म्हटलं. आणि आम्ही तिघं तसेच अंधारात थांबलो. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.