चेट्टियारने मान डोलावली

मित्रांनो, मी एक जुना गिटार-अँप्लिफायर आहे. ट्यूबवाला. ट्यूब म्हटल्यावर तुम्ही छताकडे बघाल, पण तसली नव्हे. तुमच्या आजोबांच्या रेडिओत काचेच्या बाटल्यांसारखे व्हॉल्व्ह असत, तसल्या बाटल्या माझ्या पोटात आहेत. चालू केलं की त्या हळूहळू तांबूस होतात आणि नीट तापेपर्यंत मी कोणाचंही काम करत नाही. सरकारी खात्यात मी चांगला शोभलो असतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला स्वतःचा आवाज नाही. गिटारच्या तारेची कुजबुज माझ्याकडे येते, मी तिला बळ देतो आणि स्पीकरकडे ढकलतो. लोकांना ऐकू येतो तो स्पीकर. स्पीकर जोडलेला नसताना मला चालू ठेवून कोणी गिटार छेडली, तर त्या बळाला बाहेर पडायला वाट राहत नाही. ते माझ्या पोटातच घिरट्या घालतं आणि माझा ट्रान्सफॉर्मर जाळून टाकतं. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मला दत्तोपंतांनी बनवलं. ते चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये राहायचे. दिवसा आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात रणगाड्यांचं काम करायचे आणि संध्याकाळी हॉटेलांतून गिटार वाजवायचे. रणगाड्यांच्या सवयीमुळे, जी वस्तू एका माणसाला उचलता येते ती कच्ची, असं त्यांचं मत होतं. माझं वजन तेव्हापासून तसंच आहे. माझ्यासाठी त्यांनी एका लाकडी पेटीत स्पीकर बसवला. आम्ही दोघांनी मिळून पुष्कळ लग्नं वाजवली. लोक दत्तोपंतांना वाहवा द्यायचे, ते पेटीवर थाप मारायचे, आणि माझ्यावर चहाचा पेला ठेवायचे.

मग दत्तोपंत गेले. त्यांचे थोरले भाऊ माधवराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, यांनी मला वेष्टीत, म्हणजे तिकडच्या लुंगीवजा धोतरात, गुंडाळून कपाटावर ठेवलं. माझ्यावर आधी कॅलेंडरं आली, मग लोणच्याच्या बरण्या. पेटी कुठे दिसेना. ती मोठ्या पुरात गेली असं घरात ठरलं. पुरात काय काय गेलं हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं, त्यामुळे जे सापडत नाही ते सगळं पुरात गेलं, असा त्या घराचा नियम होता. माधवरावांचा चष्मा त्यात चार वेळा गेला.

अशी बरीच वर्षं मी बरण्या सांभाळल्या. तक्रार नाही. बरण्यांशी स्पीकरसारखे ओहम जुळवावे लागत नाहीत.

मग गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात माधवरावांना पुष्कर भेटला. पुष्कर पुण्याचा, ओरगडमच्या मोटार कारखान्यात इंजिनियर. त्या दिवशी त्याने स्टेजवर गिटार वाजवली होती.

"बरी वाजवितोस रे, कण्णा," माधवराव तमिळ लाडाने म्हणाले. "आमच्या दत्ताचें एक यंत्र घरीं आहे. जड आहे. मुकें आहे."

ही पोथीतली मराठी ऐकून पुष्कर गोंधळला. "काका, तुम्ही कुठले मराठी?"

"तंजावरचे. तीनशें वर्षें झालीं इथें. तूं?"

"दीड वर्ष," पुष्कर म्हणाला आणि उगाचच ओशाळला.

त्याच आठवड्यात तो बायकोला, ऋजुताला घेऊन मांबलमला आला. मला खाली उतरवायला दोघंही लागले. माधवरावांनी अट सांगितली: पुष्करने मला घरी न्यावं, स्पीकर शोधावा आणि नवरात्रात इथे येऊन वाजवून दाखवावं. "दत्तासारखें ऐकूं आलें तर यंत्र तुझें. नाहीं तर भंगारवाला आहेच. दिवाळीपूर्वी हें घर सोडून आम्ही मुलीकडे कोइंबतूरास जातों. तिच्या घरीं इतकें जड काय ठेवाचें?"

निघताना माधवरावांच्या पत्नी विमलाबाई दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "यंत्राचें सोड. ह्यांस तो आवाज एकदां ऐकायचा आहे. ह्या घरांत. मग सुखानें जातील."

म्हणजे एका बाजूला भंगारवाला आणि दुसऱ्या बाजूला माधवराव, आणि मधे मी. मी शांत होतो. मी तापलेला नसतो तेव्हा शांतच असतो.

आता, मित्रांनो, पुष्करचा व्यवसाय सांगायला हवा, कारण सगळा घोटाळा तिथे आहे. नव्या गाडीत कुठेतरी खडखड होते, ती शोधून बंद करणं हे त्याचं काम. यासाठी तो गाडीच्या डिकीत मुटकुळं करून बसतो आणि सहकारी गाडी खड्ड्यांतून नेतो. खड्ड्यांचीही तिथे खास सोय केलेली आहे. पुष्कर डिकीतून ओरडतो, "डावा स्क्रू!" आणि तो डावा स्क्रूच निघतो. अशा माणसाने माझ्यासाठी स्पीकर निवडायला घेतला.

वेलचेरीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मला टीपॉयच्या जागी ठेवलं गेलं. माझ्या पाठीवर दत्तोपंतांनी 'आठ ओहम' असं रंगवून ठेवलंय. ओहम हे विजेच्या अडथळ्याचं माप; स्पीकरही आठ ओहमचाच हवा, नाहीतर माझी आणि त्याची ओढाताण होते. पुष्करला हे माहीत होतं. पहिल्यांदा त्याने गाडीच्या दारात बसतात ते चार-चार ओहमचे दोन स्पीकर एकापुढे एक जोडले. हिशेब बरोबर आला. पुष्करने तार छेडली.

ऋजुता सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. तिने लॅपटॉपवरून मान वर न करता निकाल दिला. "फेल. कोणीतरी गाडी रिव्हर्समध्ये घेतंय असं वाटतं."

मग मंडपवाल्याचा भलामोठा स्पीकर आला. त्याने खालचे सूर असे काही काढले की सोसायटीचे सेक्रेटरी वर आले आणि सभा कोणत्या पक्षाची आहे ते विचारून गेले.

शेवटी पुष्करने रेकॉर्डिंग स्टुडिओतला काळा, गुळगुळीत, महागडा स्पीकर आणला. त्याने फोनवर आलेख काढून ऋजुताला दाखवला. "बघ! सरळ रेघ! हा आवाजात स्वतःचं काहीही मिसळत नाही. जे आत, तेच बाहेर."

तेच तर नको होतं. मित्रांनो, मी ओबडधोबड आहे. माझ्याकडून बाहेर पडणाऱ्या आवाजात चांगलं असतं तसं किरकिरंही बरंच असतं. गिटारचा स्पीकर कागदी पडद्याचा असतो. तो किरकिरं गिळतो आणि उरलेल्यात आपलं थोडं घालतो. हा काळा मात्र प्रामाणिक निघाला. त्याने सगळं वाढलं.

"पत्र्यावर मोहरी तडतडतेय," ऋजुता म्हणाली.

"पण मोहरी स्वच्छ ऐकू येतेय ना?"

"अरे, दिवसभर खडखड घालवून तुला वाटायला लागलंय की जगातली प्रत्येक खडखड चूकच असते. दत्तोपंतांची गिटार तू ऐकली आहेस का कधी?"

पुष्करने नाही म्हटलं. पण नवरात्र आलं होतं आणि दुसरा स्पीकर नव्हता. ते मला आणि काळ्याला टॅक्सीत घालून मांबलमला निघाले. ड्रायव्हरने मला पाहून मुक्कामाचं सामान आहे का असं विचारलं.

चेन्नईत नवरात्रात घरोघर कोलू मांडतात. पायऱ्यापायऱ्यांचा एक मंच, त्यावर पांढरी वेष्टी अंथरलेली आणि तिच्यावर देव, राजे, वाणी, प्राणी, वरातीचा बँड अशा मातीच्या बाहुल्या. एकदा मांडल्या की विजयादशमी होईपर्यंत एकही हलवायची नाही. आणि कोलू बघायला येईल त्याने गाणं म्हणायचं. त्याशिवाय सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली उसळ, मिळत नाही. माधवरावांचा कोलू सात पायऱ्यांचा होता. दुसऱ्या पायरीवर तंजावरचा चेट्टियार, म्हणजे वाण्याची बाहुली, बसला होता. पोट सुटलेला, मान तारेवर टांगलेली, जरा धक्का लागला की डोलणारी.

माधवराव आरामखुर्चीत सावरून बसले. मी तापलो. पुष्करने वाजवायला सुरुवात केली आणि काळ्याने आपली मोहरी तडतडवली. माधवराव सभ्य माणूस. ते हसले, पण डोळ्यांतलं काहीतरी मागे सरकलं. विमलाबाईंनी पदराशी चाळा केला.

"सरी, बरें," माधवराव म्हणाले. "मेहनत घेतलीस. सुंडल घे."

ऋजुता पुढे झाली. पुष्कर मात्र थांबेना. तो एकच जाड तार पुन्हा पुन्हा छेडत होता, आणि दर वेळी दुसऱ्या पायरीवरचा चेट्टियार मान डोलवत होता. बाकीच्या बाहुल्या गप्प. पुष्करच्या चेहऱ्यावर डिकीतला भाव आला.

"खडखड आहे," तो म्हणाला.

"पुष्कर, घरी चल."

"एकाच पायरीवर आहे. आतून येतेय." तो गुडघ्यांवर बसला आणि देवांच्या शेजारी कान लावला.

"अय्यो, हात लावूं नको!" विमलाबाई ओरडल्या.

"काकू, या पायरीखाली काय आहे?"

"काय असाचें? दुसरी पायरी आहे. आमची फळी वाळवीनें खाल्ली, तर दत्ताची पेटी घेतली. उंची बरोबर बसली."

पुष्करचा हात गिटारच्या तारांवर पडला. माझं गुणगुणणंही जरा कमी झालं.

"विमला," माधवराव म्हणाले, "पेटी पुरांत गेली म्हणून मी इतकीं वर्षें सांगत आहें."

"तुम्ही नेहमीं स्पीकर कुठें गेला म्हणून विचारिलेंत. दुसरी पायरी कुठें आहे म्हणून कधीं विचारिलेंत का?"

आता पेटी सापडली होती, पण तिच्यावर चेट्टियार, एक वरात आणि तीन हत्ती उभे होते आणि विजयादशमीपर्यंत त्यांना हलवायची सोय नव्हती. पेटीची पाठ उघडी होती हे नशीब. ती भिंतीकडे होती आणि मधे हात जाईल एवढी फट होती. ऋजुताचा हात सडपातळ. कपडे वाळत घालायच्या काठीला वायर बांधून ती आत सरकवायची आणि दुसऱ्या हाताने पेटीला जोडायची, असं ठरलं. ऋजुता कामाला पटाईत आहे. पुढचं काम आधी उरकावं म्हणून तिने माझ्या पाठीत लावलेल्या काळ्याच्या वायरीला हात घातला. मी चालू होतो. गिटार पुष्करच्या गळ्यात होती आणि तिच्यावर त्याचा हात पडलेला होता.

"थांब! आधी बंद!" पुष्कर इतक्या जोरात ओरडला की पायरीवरच्या वरातीतला एक वाजंत्री आडवा झाला. मित्रांनो, त्या वाजंत्र्याला मी आजही मानतो. त्याच्या जागी माझा ट्रान्सफॉर्मर जाणार होता.

मला बंद केलं. वायर बदलली. पुष्करने पेटीचे ओहम मोजले, आठच्या जवळ होते. मग फोनचा उजेड फटीत सोडून त्याने डोकं वाकडं केलं.

"स्पीकरचा कागद फाटलाय. त्यावर बसचं तिकीट चिकटवलंय. एका कडेला सुटलंय, तेच फडफडतंय. ऋजुता, ओढून काढ, एका क्षणाचं काम."

"हात काढ," माधवराव म्हणाले.

ते खुर्चीतून उठले होते. "तें दत्तानें चिकटविलें. दरसाल एक कड सुटे, आणि दरसाल मी म्हणें, नवा स्पीकर घे. तो म्हणे, पाहूं. तें तसेंच असूं दे. आधीं वाजीव."

उघडी पडलेली खडखड ढळढळीत समोर दिसत असताना ती राहू देणं पुष्करला त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच करायचं होतं. त्याने ऋजुताला खूण केली. तिने हात मागे घेतला.

मी पुन्हा चालू झालो. तापायला नेहमीइतकाच वेळ घेतला. कोणी घाई केली नाही. मग पुष्करने तीच जाड तार छेडली.

कोलूमधून आवाज आला. देवांच्या मागून, हत्तींच्या पायांखालून, जरासा घोगरा आणि कडेला किंचित फडफडणारा. चेट्टियारने मान डोलावली. आडवा पडलेला वाजंत्री थरथरला.

माधवराव उभेच होते. मग विमलाबाईंकडे न बघता म्हणाले, "ह्याला सांग, चहाचा पेला यंत्रावर ठेवीत नको जाऊं."

"आज कोणीं ठेविला नाहीं हो," विमलाबाई म्हणाल्या.

"दत्ताला सांगतों आहें."

पुष्कर वाजवत राहिला. त्याचं सुंडल गार झालं.

मला भंगारवाल्याने नेलं नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. विजयादशमी झाली, बाहुल्या कागदात गुंडाळल्या गेल्या, आणि पेटी माझ्याबरोबर वेलचेरीला आली. पण कोइंबतूरला जाणाऱ्या कोलूत एक पायरी कमी पडणार होती. विमलाबाईंनी टेप लावून काळा स्पीकर मोजला. उंची बरोबर बसली. तो आता तिथे दुसरी पायरी आहे. वर तसूभरही उतार नाही, हत्ती घसरत नाहीत, आणि स्वतःचं काही मिसळत नाही या गुणाचं तिथे चीज झालं आहे.

निघताना विमलाबाईंनी चेट्टियार ऋजुताच्या हातात दिला. "हा दुसऱ्या पायरीचा माणूस. पेटीस सोडून राहाचा नाहीं." तो आता आमच्या पेटीवर बसतो. पुष्कर वाजवतो, तो मान डोलवतो, पुष्कर ते कौतुक समजतो. मी मधे बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा कोणी असेल तर एवढंच करा. त्याला स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका. त्याला सावकाश तापू द्या. त्याच्यावर पेला ठेवू नका. आणि त्याची एखादी खडखड काढून टाकायला निघाल, तेव्हा ती कोणाची आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा. आमचं तिकीट अजून तिथेच आहे. एक कड सुटलेली आहे. ऋजुता म्हणते, पास.