दारावरचा माणूस

"राजा घोड्यावरून नाही येणार, आजोबा. कंपनीच्या कॅबमधून येणार," सृष्टीनं जाहीर केलं.

"आणि कॅबवाला त्याला भलत्याच गेटवर सोडणार," राजा झालेला पृथ्वीराज म्हणाला.

बद्रीनाथ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हडपसरच्या त्यांच्या सोसायटीत गणपतीसाठी मुलं नाटक बसवत होती. नाटक बद्रीनाथांनीच सुचवलेलं, जुनं: मोहिमेवरून कितीतरी वर्षांनी परतलेला राजा आणि त्याची वाट पाहणारी राणी. तरुणपणी दिवसभर मार्केट यार्डात आडत्याकडे कारकुनी करून संध्याकाळी ते शनिवार पेठेतल्या हौशी मंडळींबरोबर हेच नाटक करत. आता मुलांच्या हातात मोहिमेची अमेरिका झाली, किल्ल्याचा आयटी पार्क झाला आणि राणी तिथली टीम लीडर. बद्रीनाथांना एकेक बदल आवडत होता.

"दाढी वाढलेला राजा कुणाला ओळखू येत नाही, एवढं मात्र ठेवा हं."

"ठेवलंय ना. म्हणून तर कार्ड. दारावर मशीन आहे. कार्ड लावलं की टीं वाजतं, दार उघडतं."

"आणि द्वारपाल?"

"तो कट केला, आजोबा. मशीन आहे म्हटल्यावर तो काय करणार?"

बद्रीनाथांनी मान डोलावली. "खरंय. त्याला वाक्यही एकच होतं."

घरी गोदाबाईंनी विचारलं, "तो द्वारपाल तुम्ही होतात, हे सांगितलंत का मुलांना?"

"कशाला? त्यांचं नाटक आहे. छान केलंय."

"जन्मभर एकच वाक्य म्हटलंत. तेही गेलं. सुटलात," गोदाबाई म्हणाल्या आणि न विचारताच त्यांनी आमटी वाढली.

वाक्य होतं, 'आत यावं, महाराज.' पण ते म्हणण्याआधी द्वारपाल त्या मळक्या माणसाला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळत थांबायचा. किती थांबायचं, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. नाट्यगृहातला खोकला थांबेपर्यंत, असा बद्रीनाथांचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी तालमीत वेगळीच अडचण निघाली. टेपवरचं टीं कधी आधी वाजे, कधी नंतर.

"मी वाजवू का?" बद्रीनाथांनी विचारलं.

"मशीन म्हणजे फ्रिजचं खोकं आहे. त्यात उभं राहावं लागेल, आजोबा. बसायला जागा नाही आत."

"द्वारपाल बसत नसतो."

प्रयोगाच्या संध्याकाळी गोदाबाईंनी देवघरातली घंटा पुसून त्यांच्या हातात दिली. चंदेरी रंग दिलेल्या खोक्यात बद्रीनाथ शिरले. समोर बोटभर भोक त्यांनी आधीच पाडून ठेवलं होतं.

राजानं कार्ड लावलं. काहीच वाजलं नाही. त्यानं पुन्हा लावलं.

"आजोबा, टीं," विंगेतून सृष्टी कुजबुजली.

बद्रीनाथ भोकातून राजाला न्याहाळत होते. धुळीचे बूट, चुरगळलेला शर्ट, खोटी दाढी. पुढच्या रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. मागे एक गृहस्थ खोकत होते, तेही थांबले. कॉम्प्युटरपुढे पाठमोरी बसलेली राणी, तालमीत ठरलेलं नसताना, उठून दाराकडे वळली.

मग घंटा एकदाच वाजली.

पडदा पडायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. मुलं हातात हात घालून ओळीनं वाकली. त्यांच्या मागे चंदेरी खोकं सरळ उभं होतं. थोड्या वेळानं तेही हळूच पुढे झुकलं.