बर्फाच्या आड

"काका, घरात किती इंजेक्शनं शिल्लक आहेत?" फोनवर औषधवाल्या बाईने विचारलं. टॉर्चकाकांनी आधी खिडकी लावून घेतली.

"तुम्हाला कशाला हवंय?"

काकांचा सगळा जन्म गोदामावर पहारा करण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर हातातली टॉर्च सुटली, पण नजर तीच राहिली. दूधवाल्यापासून जावयापर्यंत प्रत्येकाच्या तोंडावर उजेड पाडल्यासारखे ते बघत, म्हणून शेजाऱ्यांनी हे नाव ठेवलं होतं. काकांना ते आवडायचंही.

काकूंचे सांधे सुजत होते, बोटं वाकत चालली होती. डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नसे. अशी महागडी, नाजूक औषधं सांभाळणारं वेगळंच दुकान होतं. तिथून दर महिन्याला ते थंड पेटीतून घरी येई, आणि त्याआधी या बाईचा फोन. दुखणं कसं आहे, ताप आला का, शिल्लक किती. हिला घरातल्या मालाचा अंदाज हवाय, असा काकांनी सरळ अर्थ लावला. शेवटी बाई "आणि ठेवताना एक लक्षात ठेवा," असं म्हणू लागली की ते फोन ठेवून देत. माल कुठे ठेवलाय हे परक्याशी बोलायचं नाही, हा त्यांच्या नोकरीतला पहिला धडा होता.

महिने गेले, काकूंना काही उतार पडेना. लवकरच तुमची वेणी तुम्ही घालाल, असं डॉक्टर म्हणाले होते. अजून रोज सकाळी काकाच ती घालत, आणि ती सुतळी वळल्यासारखी दिसे. इंजेक्शनही तेच देत. सुईत नुसतं पाणी भरून विकतात, अशी आता त्यांची खात्रीच पटली.

"अहो, तुम्हाला सगळेच चोर दिसतात," काकू म्हणाल्या.

"म्हणून तर गोदामातलं एक पोतं कधी हललं नाही. आज त्या बाईला पकडतोच."

उरलेलं इंजेक्शन पुरावा म्हणून घेऊन ते दुकानात गेले. तिथे गर्दी नव्हती, नुसते मोठाले फ्रिज घुमत होते. बाई त्यांना वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली, त्यांच्या धाकट्या लेकीएवढी. काकांनी पिशवीतून खोका काढून तिच्यापुढे आपटला आणि तुमचं औषध खोटं आहे, असं मोठ्याने ऐकवलं.

बाई चिडली नाही. खोक्यावर बर्फाची साय चढली होती. तिने तो उघडून सुई उजेडात धरली, हलवून पाहिली. आतलं औषध हललं नाही.

"काका, हे कुठे ठेवलं होतं?"

आता सांगायला हरकत नव्हती. फ्रिज कोणीही उघडतं, ते म्हणाले. कामवाली उघडते, पाण्यासाठी शेजारची पोरं उघडतात. म्हणून वरच्या बर्फाच्या कप्प्यात, ट्रेच्या मागे, जुन्या डब्यात. तिथे कोणी हात घालत नाही. आणि द्यायच्या दिवशी सकाळीच बाहेर काढून ठेवायचं. सांगताना त्यांना थोडा अभिमानच वाटला.

"सगळी तिथेच ठेवली होती?"

"पहिल्यापासून."

बाईने सुई हळूच खाली ठेवली. "एकदा गोठलं की हे औषध वाया जातं, काका. वितळलं तरी उपयोग होत नाही. दर वेळी मी हेच सांगायला जायचे."

काका उभेच होते. तिने खुर्ची पुढे केली, तीही त्यांना दिसली नाही. मग त्यांनी विचारलं, "आता बोटं?"

"डॉक्टरांशी मी आजच बोलते. नवीन सुरू केलं की दुखणं कमी होईल. पण वाकलेली बोटं सरळ होतील, असं मी सांगणार नाही."

घरी आल्यावर काकांनी चप्पल काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन बर्फाच्या कप्प्यातला तो डबा काढला. आत काही नव्हतं. तो धुऊन पालथा घालताना त्यांना हुंदका आवरेना.

"सापडला का चोर?" काकूंनी बाहेरून विचारलं.

"सापडला."

"ओळखीचा होता?"

"हो."

काकू उठून दारात आल्या. त्यांनी पालथ्या डब्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"जाऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "सकाळी गडबडीत वेणी सैल घातलीत तुम्ही, सुटलीये."

दोन्ही तळव्यांत धरून त्यांनी कंगवा पुढे केला आणि पाठ फिरवून बसल्या.