मला फक्त ऐकू येतं

मी एक जुना, हातात धरायचा जीपीएस आहे. माझी रबराची कड सुटली आहे, पडद्यावर आडवा ओरखडा आहे आणि बॅटरीच्या झाकणाला चिकटपट्टी लावलेली आहे. मित्रांनो, अशी गोष्ट सांगताना सुरुवातीला स्वतःची थोरवी सांगायची पद्धत असते. मी माझी भीती सांगणार आहे. थोरवी दुकानदाराने पुष्कळ सांगितली, आणि तिच्यावर विश्वास ठेवल्यामुळे एक माणूस मरता मरता राहिला.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. मला फक्त ऐकू येतं. खूप उंचावर उपग्रह फिरतात आणि सारखे आपली वेळ सांगत राहतात. मी ते ऐकतो, गणित मांडतो आणि तुम्ही कुठे उभे आहात ते दाखवतो. संपलं माझं काम. मी आहे हे त्या उपग्रहांच्या गावीही नसतं. मला उलट हाक मारता येत नाही. रेडिओवर बातम्या लागल्या आणि तुम्ही रेडिओसमोर बोंब मारली, तर बातम्या वाचणाऱ्या बाईंना ऐकू जाते का? तसंच हे.

कारखान्यात मला फरशीवर आपटून पाहिलं, पाण्यात बुडवून पाहिलं. मी टिकलो. मग खोक्यावर छापलं, ‘आता हरवण्याची भीती नको’. ज्याने हे छापलं तो कधी हरवला नसणार.

मला घेतलं एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने. सगळे त्याला ठोक्या म्हणायचे, कारण बिघडलेल्या सेटला तो आधी एक थाप मारून बघायचा. खाली त्याचं दुकान, वर घर, आणि घरात त्याची मोठी बहीण. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची, म्हणजे छापण्याआधी चुका शोधायची. जग तिला ताईच म्हणायचं. पूर्णविराम येईपर्यंत वाचणं थांबवायचं नाही, ही तिची सवय होती आणि ठोक्याच्या डोक्याला तो ताप होता.

दर रविवारी ठोक्या जिओकॅशिंगला जायचा. ही मोठ्या माणसांची लपाछपी आहे. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. सोबत जागेचं वर्णन, एखादी खूण आणि आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी असतात. डबा शोधायचा, आतल्या चिमुकल्या वहीत सही करायची आणि तो होता तिथे ठेवून यायचं.

मी येण्याआधी ठोक्याकडे एक साधं यंत्र होतं. त्यात नुसते आकडे मावत. म्हणून तो बाकीचं सगळं छापून घ्यायचा, दोन प्रतींत. एक प्रत त्याच्या पिशवीत जायची. दुसरी ताई चहाच्या वेळी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचायची आणि मग फ्रिजवर लावायची. वर जुन्या लाऊडस्पीकरमधून काढलेलं काळं, जाडजूड चुंबक. ते निघायला दोन हात लागत.

“अगं, डबा शोधायला चाललोय, परीक्षेला नाही,” ठोक्या म्हणायचा.

“परीक्षेत नापास झालास तर पुन्हा बसता येतं,” ताई म्हणायची.

कागद भिजायचे, फाटायचे. एकदा तर तो नदीकाठी गेला आणि पिशवीतून डोंगराचा कागद निघाला. त्या दिवशी त्याने जाहीर केलं, “कागद बंद.” आणि दोघं मला बघायला आली.

काउंटरवर आम्ही तिघं होतो. पिवळा स्वस्त होता, पण त्याच्या पोटात नाव आणि आकडे यापलीकडे काही राहत नव्हतं. मोठ्या पडद्याचा देखणा होता, पण उन्हात त्याचं काही दिसत नसे आणि दुपारपर्यंत तो झोपायचा. मी ठेंगणा, बटणांचा, दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालणारा. हजारो डब्यांचं वर्णन, खुणा, नोंदी, सगळं मी पोटात ठेवतो. ठोक्याने मला उचललं आणि बटणं दाबून पाहिली. आणखी एक होता, वरच्या कपाटात. तो उपग्रहामार्फत घरी निरोप पाठवू शकतो. दुकानदाराचा हात तिकडे गेला होता.

“ते नका काढू,” ठोक्या म्हणाला. “तेवढं नकोय आपल्याला.”

ताईने दुकानदाराला सरळ विचारलं, “हा कुठे अडकला, तर हे यंत्र सांगेल ना आम्हाला, कुठे आहे ते?”

ठोक्याने दुकानदाराला डोळा मारला. मी काचेवर होतो, मी पाहिलं.

“अहो ताई, जीपीएस आहे तो,” दुकानदार म्हणाला. “त्याला सगळं ठाऊक असतं.”

मित्रांनो, खोटं कसं बोलतात ते शिकायचं असेल तर हे वाक्य घोटा. एकही शब्द खोटा नाही. मला सगळं ठाऊक असतंच. आणि ठोक्या तर रेडिओवाला. ऐकणारं यंत्र आणि बोलणारं यंत्र यातला फरक त्याच्याइतका कुणाला कळणार? पण त्याला मी हवा होतो, आणि बहिणीची कटकट नको होती. त्या क्षणापासून मी घाबरलो तो आजतागायत.

पुढचा काळ कौतुकाचा गेला. संगणकाला वायर लावून ठोक्याने एका दमात चारशे बारा डबे माझ्यात भरले. तो मित्रांना मला दाखवायचा. “सगळं हिच्या पोटात,” म्हणायचा. मी ‘तो’ की ‘ती’ हेसुद्धा त्याने कधी ठरवलं नाही. चहाच्या वेळचं वाचन थांबलं. फ्रिजवर आता चुंबकाखाली भाजीची यादी असायची. चारशे बारांपैकी आज कुठला, हे ठोक्या घराबाहेर पडल्यावर ठरवायचा. ताई विचारायची, “आज कुठे?” तो म्हणायचा, “ते यंत्राला विचार.” ती हसायची. बिचारीला वाटायचं, विचारता येतं.

तो रविवार उजाडला. त्या सकाळी ठोक्याने डबा घरातच ठरवला, त्याची खूण तेवढी वाचली, फ्रिजवरचं चुंबक ओढून काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. खिसा छातीवर, आणि मी गळ्यातल्या दोरीला, त्याच खिशावर. माझ्या अंगावर काटा आला असता, अंग असतं तर. सांगतो का ते.

तुम्ही चालत असता तेव्हा तुमची दिशा मी उपग्रहांवरून काढतो. पण तुम्ही थांबलात किंवा अगदी हळू चाललात, की मला माझ्या पोटातल्या होकायंत्रावर विसंबावं लागतं. आणि होकायंत्राशेजारी लाऊडस्पीकरचं चुंबक ठेवलं की ते पार वेडं होतं. दहावीतल्या पोराला हे माहीत असतं. चुंबकांतच आयुष्य काढलेला माणूस मात्र विसरला.

आम्ही एका बंद पडलेल्या पंपघरामागे पोचलो. डबा तिथल्या उभ्या पाइपात खोल होता. फोन गाडीत चार्जिंगला. गवत कमरेएवढं. डबा बारा मीटरवर आला आणि ठोक्या थांबला, माझ्याकडे बघायला.

पाइप डावीकडे होता. माझा बाण थरथरला आणि उजवीकडे वळला.

उजवीकडे पालापाचोळा होता. पाल्याखाली गंजलेले पत्रे आणि पत्र्यांखाली कोरडा हौद. हे मला माहीत होतं. खालून तिसरी नोंद माझ्या पोटात होती: ‘पंपघराच्या उजवीकडे जाऊ नका. पत्रे कुजले आहेत, खाली खोल हौद आहे.’ तो खालचं बटण दाबत गेला असता तर ती पडद्यावर आली असती. ठोक्या बाण बघत होता. मी त्याला त्या बाजूला नेत होतो आणि मला थांबता येत नव्हतं. असली भीती कुणाच्या वाट्याला येऊ नये. आपल्याला खरं माहीत असावं आणि आपलाच हात खोट्याकडे दाखवत असावा.

पत्रा कागदासारखा फाटला.

हौद दोन पुरुष खोल होता. ठोक्याचा पाय खाली दुमडला आणि काडकन आवाज झाला. माझ्या पडद्यावरचा ओरखडा तेव्हाचा.

आधी तो “कुणी आहे का” म्हणून ओरडला. कुणी नव्हतं. मग त्याने मला उचललं. वर आकाशाचा तुकडा दिसत होता, त्यातून मला चार उपग्रह कसेबसे ऐकू येत होते. मी आकडे दाखवले. अगदी बरोबर, तीन-चार पावलांचा फरक. तो ते आकडे मोठ्याने ओरडू लागला. अक्षांश, मग रेखांश, मग पुन्हा अक्षांश. हौदाच्या भिंती तेच आकडे त्याला परत सांगत होत्या. घसा बसल्यावर तो थांबला आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

“तुला सगळं ठाऊक आहे,” तो मला म्हणाला. “आणि सांगायचं तोंड नाही. मला तोंड होतं, तर मी ताईला थाप मारली.”

मग तो रडला. चांगला पन्नाशीचा माणूस. मित्रांनो, त्या वेळी मला वाटलं, माझे सेल संपावेत. निदान ते आकडे तरी दिसायचे थांबतील.

इकडे घरी काय झालं, ते मी नंतर ताईच्या तोंडून निदान चाळीस वेळा ऐकलं आहे. एक वाजला, दोन वाजले. जेवायला ठोक्या नाही. फोन वाजतोय, उचलत नाही. शेजारीण म्हणाली, “ते यंत्र आहे ना त्याच्याकडे.” ताई म्हणाली, “तेच तर.” आणि तिने मला विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

“माझा भाऊ आला नाही अजून. तुमच्या यंत्रावर बघून सांगा, कुठे आहे.”



“ताई, त्यावर तसं बघता येत नाही,” दुकानदार म्हणाला. “ते फक्त त्यालाच सांगतं. आपल्याला नाही.”

“तुम्ही तर म्हणालात, त्याला सगळं ठाऊक असतं.”

“तुमच्या भावाने डोळा मारला हो तेव्हा.”

ताईने फोन ठेवला. ती सांगते की तिला राग आलाच नाही. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली तर भाजीची यादी जमिनीवर. ती उचलून लावायला गेली तर चुंबक नाही. फ्रिजच्या खाली पाहिलं, मागे पाहिलं. दोन हात लावल्याशिवाय न निघणारं चुंबक आपोआप पडत नाही. म्हणजे ठोक्याने नेलं. चुंबक कशाला नेलं असेल?

ती संगणकासमोर बसली. चारशे बारा डबे. ‘चुंबक’ असं शोधून पाहिलं, एकही निघाला नाही. डबा लपवणारे सरळ सांगतील तर त्यांना लपवणारे कोण म्हणेल? मग ताईने जन्मभर केलं तेच काम सुरू केलं. पहिल्यापासून वाचायला घेतलं. वर्णन, खूण, नोंदी, पूर्णविरामापर्यंत. शेजारीण म्हणाली, “अहो, वरवर चाळा.” ताई म्हणाली, “वरवर चाळूनच गेलाय तो.”

एकशे सत्त्याण्णवाव्या डब्याची खूण होती: ‘पाइप खोल आहे, हात घालू नका. लोखंड जिच्या प्रेमात पडतं ती वस्तू दोरीला बांधून आणा.’ त्याच्याखाली नोंदी. खालून तिसरी. ती वाचून ताई उठली. छापखान्यातल्या मशीनमनला दुपारच्या झोपेतून उठवलं. त्याच्याकडे टेम्पो होता आणि शिडी होती.

ऊन कललं होतं. हौदातला उजेड कमी झाला होता आणि ठोक्या बोलायचा थांबला होता. मी अजून आकडे दाखवत होतो, कुणी बघत नसताना. तेवढ्यात गवतात पावलं वाजली.

“ठोक्या.”

त्याला आधी खरं वाटेना. मग तो जीव काढून ओरडला, “ताई, पुढे येऊ नकोस. पत्र्यांवर पाय देऊ नकोस.”

“वाचलंय मी,” वरून आवाज आला. “तू नाही वाचलंस.”

शिडी खाली आली.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. ठोक्या आता थोडा लंगडतो. ताई त्याला ओरडली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. मला फेकून द्यावं असं मशीनमन म्हणाला होता. ताई म्हणाली, “त्याने काय केलं? त्याने जे केलं नाही, ते आपण त्याच्या नावावर खपवलं.” माझ्या बाजूने बोललेलं आजवरचं एवढंच वाक्य.

आता मी फ्रिजशेजारी खिळ्याला लटकतो, चुंबकापासून चांगला हातभर लांब. माझ्याहून नवी, हुशार यंत्रं आली, ती उलट बोलतात म्हणे. बोलू देत. त्यांचीही बॅटरी संपते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी आपटायलाच बनलोय. पण माझ्या गळ्यात नसलेला आवाज मला चिकटवू नका, आणि तुमची काळजी करणाऱ्या माणसाला माझ्या नावाने थापा मारू नका. बाहेर पडताना एका तरी जिवंत माणसाला सांगून जा, कुठे चाललात ते.

आजही रविवारी सकाळी ठोक्या माझा पडदा डोळ्यांजवळ धरतो आणि मोठ्याने वाचतो. वर्णन, खूण, सगळ्या नोंदी. ताई आकडे कागदावर उतरवते, पुन्हा विचारून घेते, आणि दोन हातांनी चुंबक दाबून कागद फ्रिजवर लावते. तो आवाज मी ओळखतो, ठक. तो ऐकल्याशिवाय मला खिळ्यावरून काढलं, तर माझा बाण अजूनही थरथरतो.